साक्ष आणि भाषा : मुंबई-पुण्यातील मॉर्मन मिशन (१८५२–१८५६)

जासई म्हटले की आजच्या वाचकाला दि. बा. पाटील आठवतात, १९८४ च्या जानेवारीतील शेतकऱ्यांचा लढा आणि त्यात बळी गेलेले पाच जण आठवतात. त्यापूर्वीच्या काळात हा किनारा आणखी एका कारणाने वाहता होता. आगगाडी बोरघाट चढून जाण्याआधी मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी होडीने बंदर ओलांडी, घारापुरी व न्हावा मागे टाकून पनवेलच्या खाडीत शिरे आणि भरतीच्या वेळेने पनवेलच्या धक्क्यास लागे. न्हावा-जासईकडची खाजणे त्याच्या उजव्या हाताला राहत. पुढे खोपोली, १८३० मध्ये खुला झालेला घाटातील गाडीरस्ता, खंडाळा आणि पुणे. बिशप हेबर १८२५ मध्ये याच वाटेने गेला. पलटणी, टपाल, अफू-कापसाचे दलाल, बदलीवर निघालेले कारकून आणि धर्मोपदेशक या सगळ्यांची ही वाट होती.

या वाटेवरच्या धर्मोपदेशकांपैकी एका छोट्या गटाची आठवण मराठीत जवळजवळ उरलेली नाही. ह्यू फिंडले हा स्कॉटलंडचा, वयाने तिशीच्या घरातला माणूस सप्टेंबर १८५२ मध्ये मुंबईस उतरला आणि लवकरच त्याने पुण्यात आपले काम सुरू केले. तो 'लॅटर-डे सेंट्स' या पंथाचा, म्हणजे ज्यांना जग मॉर्मन म्हणते त्यांचा, उपदेशक होता. पुढे त्याचा धाकटा भाऊ ॲलन त्याला येऊन मिळाला. १८५६ पर्यंत हे मिशन आटोपले होते. पुण्यात एक लहानशी शाखा स्थापन झाली, तीही बहुतांशी गोऱ्यांची व युरेशियनांची. एवढ्या अल्प फळाच्या कथेकडे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने का वळावे, असा प्रश्न कोणीही विचारील. माझ्या मते वळावे. 'आध्यात्मिक अनुभव' हा शब्द आपण आत्मचरित्रांच्या चर्चेत फार सहज वापरतो. हा अनुभव कोणत्या भाषेत घडतो आणि कोणत्या भाषेत दुसऱ्याला पोहोचतो, हा प्रश्न या फसलेल्या मिशनने जितका उघडा केला तितका कोणत्याही यशस्वी मिशनने केलेला नाही.

प्रथम हे लोक कोण होते, ते थोडक्यात पाहू. न्यूयॉर्क राज्यातील जोसेफ स्मिथ या शेतकऱ्याच्या मुलाने आपल्याला चौदाव्या वर्षी साक्षात्कार झाल्याचे सांगितले. १८३० मध्ये त्याने 'बुक ऑफ मॉर्मन' प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी पंथ स्थापला. १८४४ मध्ये जमावाने त्याची हत्या केली, आणि १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली अनुयायी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात जाऊन राहिले. या पंथात पगारी पुरोहितवर्ग नाही. सुतार, शेतकरी, विणकर, कोणालाही बोलावणे येई आणि तो घरदार सोडून निघे. आज या पंथाचे उपदेशक म्हटले की पांढऱ्या सदऱ्यातली, छातीवर नावाची पट्टी लावलेली विशीच्या आतबाहेरची जोडी डोळ्यांपुढे येते. २०१२ पासून तर मुलगे अठराव्या वर्षीच निघू शकतात. एकोणिसाव्या शतकात असा वयाचा नियम नव्हता. तरी हिंदुस्थानात आलेले बहुतेक जण विशी-तिशीतलेच होते. अमॉस मिल्टन मसर कलकत्त्यास उतरला तेव्हा तेविशी गाठत होता.

मसर ज्या तुकडीत होता तिची निवड ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या परिषदेत झाली. त्याच परिषदेत पंथाने बहुपत्नीत्वाचा आपला आचार प्रथमच जाहीरपणे मान्य केला. म्हणजे उपदेशक आणि त्यांना बुडवणारी बातमी ही दोन्ही एकाच मांडवाखालून निघाली! तेरा जण 'मॉन्सून' नावाच्या जहाजाने सान फ्रान्सिस्कोहून निघाले आणि एप्रिल १८५३ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. नऊ जण हिंदुस्थानसाठी होते, चार सयामसाठी. सयामच्या चौघांपैकी चॉन्सी वेस्ट आणि बेंजामिन ड्युई हे सिलोनमार्गे मुंबई-पुण्याकडे वळले. ट्रुमन लेनर्ड आणि मसर मुंबईहून कराचीस गेले. कलकत्त्यात या पंथाचे बीज १८५१ मध्येच पडले होते आणि तिथून कोणीतरी मोठी आशा दाखवणारी पत्रे धाडली होती. प्रत्यक्षात या लोकांना दिसले ते निराळेच.

त्यांच्या आध्यात्मिक जीवनाची घडण समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही. मॉर्मन श्रद्धेचा कणा म्हणजे 'साक्ष'. ग्रंथ वाचावा, देवाला विचारावे, आणि आत एक ऊब, एक निःशंकता दाटून यावी. ती आली की सत्य कळले. मग ते इतरांपुढे उभे राहून सांगायचे. उपदेशकाचे काम वादात जिंकणे हे नाही, आपल्याला कळल्याची साक्ष देणे हे आहे. याच्या जोडीला प्रार्थना, उपवास, आजाऱ्याला तेल लावून त्याच्या डोक्यावर हात ठेवणे, स्वप्नांचे अर्थ लावणे, आणि ज्या गावाने नाकारले त्याच्याविरुद्ध पायांची धूळ झटकणे. आणखी दोन गोष्टी होत्या, आणि मराठी मुलखात त्याच कसोटीला लागल्या. एक, 'थैली आणि झोळी' न घेता, म्हणजे पैशाची तरतूद न करता प्रवास करण्याचे व्रत. दुसरी, भाषांचे वरदान. पवित्र आत्मा बोलणाऱ्याला परकी भाषा देऊ शकतो, अशी त्या पिढीची खरोखरीची श्रद्धा होती. प्रत्येक मनुष्य आपल्याच भाषेत सुवार्ता ऐकेल, असे आश्वासन त्यांच्या प्रकटीकरणांत होते.

हे वरदान मराठीच्या बाबतीत उतरले नाही. ज्या काळाची गोष्ट चालली आहे त्या काळात मराठी शिकणे म्हणजे काय होते, हे जरा आठवावे. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघालेला. त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये यायची होती. अमेरिकन मराठी मिशनच्या गॉर्डन हॉलने १८१३ मध्ये मुंबईत पाय ठेवला तेव्हा तर कोशही हाताशी नव्हता. सरकार त्याला परत धाडण्याच्या खटपटीत होते. इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू, कंपनीला मिशनरी नकोसे. त्याने गव्हर्नर नेपियनला त्याच्या सद्सद्विवेकाला आवाहन करणारे पत्र लिहिले आणि अखेर राहू दिला गेला. पुढची तेरा वर्षे तो देवळांपाशी, बाजारांत, तळ्यांच्या काठी लोकांशी मराठीत बोलत राहिला. त्याच्या मिशनच्या छापखान्यातून १८१७ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत बाहेर पडले आणि १८२६ मध्ये नवा करार पुरा झाला. त्याच वर्षीच्या २० मार्चला हॉल नाशिकहून परतताना पटकीने वाटेतच मेला, वय एक्केचाळीस. धर्मांतराच्या हिशेबात त्याच्याही हाती जवळजवळ काही नव्हते. पण त्याने मागे भाषा ठेवली. रॉबर्ट नेस्बिट हा स्कॉटिश मिशनरी १८२७ पासून मराठीत इतका मुरला की एतद्देशीयांनी त्याच्या उच्चारांची तारीफ करावी. या लोकांनी वरदानाची वाट पाहिली नाही, पंतोजी ठेवले.

मॉर्मन उपदेशकांना पंतोजी ठेवण्याइतके पैसे नव्हते आणि थांबण्याइतकी उसंत नव्हती. जगाचा शेवट जवळ आला आहे, निवडलेल्यांना लवकर सियोनात, म्हणजे यूटात, नेऊन पोहोचवायचे आहे, ही त्यांची निकड. त्यामुळे त्यांचा उपदेश जिथे इंग्रजी कळते तिथे वळला. पुण्यात याचा अर्थ छावणी. तिथे शिपाई होते, सार्जंट होते, कंटाळा होता, घरची आठवण होती. नव्या उपदेशाला अनुकूल असे सगळे होते. लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीच्या हद्दीत उपदेशाला मनाई केली. ज्या थोड्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांची पलटण कधी हलेल याचा नेम नसे. मुंबईत वृत्तपत्रे व पाद्री तुटून पडले, आणि फिंडलेची बरीच शक्ती उत्तरादाखल पत्रके छापण्यात गेली. बहुपत्नीत्वाची बातमी आल्यावर तर इंग्रजी बंगल्यांची दारे बंदच झाली. एतद्देशीयांपर्यंत पोहोचण्याची इच्छा त्यांच्यात नव्हती असे नाही. 'हिंदुस्थानातील मराठ्यांस' अशा आशयाचे शीर्षक असलेली एक पुस्तिकाही फिंडलेने काढली. पण पुस्तिका म्हणजे संवाद नव्हे.

आता पुण्याचे ते साल पाहा. १८५२ च्या १६ नोव्हेंबरला विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीराव फुल्यांचा शाली-जोडीने सत्कार झाला. 'ज्ञानप्रकाश' सुरू होऊन तीन वर्षे झालेली. मुंबईत दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने निघालेली परमहंस सभा गुप्तपणे जातिभेद मोडीत होती. १८३९ मधील पारशी मुलांचे धर्मांतर आणि १८४३ मधील शेषाद्री बंधूंचे प्रकरण अजून ताजे होते. नारायण शेषाद्रीने बाप्तिस्मा घेतला. त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याला न्यायालयाने बापाच्या स्वाधीन केले, आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला शुद्ध करून घेण्याचा पक्ष घेतला तेव्हा सनातन्यांनी गावभर वादळ उठवले. म्हणजे मराठी समाज धर्माच्या प्रश्नावर त्या दशकात जितका जागा होता तितका क्वचितच असेल. नेमके त्याच वेळी, शहरापासून हाकेच्या अंतरावर, काही माणसे अंतःकरणात पेटलेली साक्ष घेऊन बसली होती, आणि दोघांमध्ये भाषेची भिंत होती.

त्यांच्या अपयशाचे एक कारण नेहमी सांगितले जाते : जवळ येणारे एतद्देशीय पगाराची, चाकरीची अपेक्षा करीत. उपदेशकांच्या लेखनात ही तक्रार वारंवार येते आणि तिच्यात थोडा तुच्छतेचा सूरही आहे. तो सूर अन्यायाचा आहे असे मला वाटते. जात सुटली की घर सुटे, पंगत सुटे, धंदा सुटे. न्हावी येत नसे, पाणी मिळत नसे. अशा माणसाने 'उद्या मी खाऊ काय?' असे विचारणे हा लोभ नव्हता, तो सरळ हिशेब होता. इतर मिशनांनी तो ओळखून शाळा, छापखाने, वसाहती उभ्या केल्या; त्यांतून आश्रिततेचे दुसरे दुखणे निघाले, तो भाग वेगळा. मॉर्मनांजवळ द्यायला काहीच नव्हते. होती ती यूटाची वाट, आणि तिथवरचे जहाजभाडे ज्याचे त्याने भरायचे.

या ठिकाणी एक विलक्षण विसंगती दिसते. महाराष्ट्र हा भिक्षेला मान देणारा मुलूख. माधुकरी मागणारा विद्यार्थी, झोळी घेतलेला रामदासी, वारीत दिंडीबरोबर चालणारा वारकरी, वासुदेव. दारी आलेल्या धर्माच्या माणसाला पसाभर धान्य घालणे ही इथली रीत. खिशात दमडी न घेता धर्म सांगत फिरणारा माणूस मराठी शेतकऱ्याला अनोळखी वाटलाच नसता. झोळी घेतलेला गोरा मात्र कोणी पाहिला नव्हता. आणि मॉर्मन उपदेशकांनी आपल्या व्रताचा आश्रय शोधला तो बराकीत आणि बंगल्यात, जिथे भिक्षेला मान नव्हता. गोऱ्या माणसाने गरिबाच्या ओटीवर बसून भाकरी मागायची, ही कल्पना राज्यकर्त्यांच्या समाजाला लाजिरवाणी वाटे आणि उपदेशकांनाही पेलत नसे. ज्या व्रताने ते जवळ आले असते त्या व्रताचा दरवाजा त्यांनी चुकीच्या गल्लीत ठोठावला.

हे अशक्य नव्हते, याचा पुरावा त्याच काळच्या मुंबईत आहे. जॉर्ज बोवेन हा अमेरिकन मराठी मिशनचा माणूस १८४८ मध्ये आला. तरुणपणी तो नास्तिक होता. जिच्याशी लग्न ठरले होते ती मुलगी वारली. तिने मागे ठेवलेले बायबल त्याने केवळ तिच्या शब्दाखातर उघडले आणि त्याचे आयुष्य बदलले. मुंबईस आल्यावर थोड्याच काळात त्याने मिशनचा पगार घेणे सोडले, बाजारवस्तीत अगदी साधेपणाने राहिला, रोज रस्त्यावर मराठीत बोलला, आणि १८८८ मध्ये मुंबईतच वारला. चाळीस वर्षांत मायदेशी गेला नाही. त्याच्या उपदेशानेही धर्मांतरे फारशी झाली नाहीत. तरी मुंबईकर त्याला ओळखत. मॉर्मनांना जे व्रत सांगितले होते ते त्यांच्या विरोधी गोटातल्या एका एकाकी माणसाने पाळले, ही गंमत इतिहासच करू शकतो.

एम.ए.च्या वर्गात एकोणिसाव्या शतकातील आत्मचरित्रे शिकवताना बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'पाशी थांबावेच लागते. पदमनजी १८३१ मध्ये बेळगावात जन्मले. फिंडले मुंबई-पुण्यात उपदेश करीत होता त्याच वर्षांत हा तरुण मुंबईत मिशनच्या शाळेत शिकत, परमहंस सभेत जात, आणि रात्रंदिवस 'घ्यावा की न घ्यावा' या घालमेलीत होता. १८५४ मध्ये त्याने बेळगावात बाप्तिस्मा घेतला. 'अरुणोदय' १८८८ मधले, म्हणजे बोवेन गेला त्या वर्षीचे. त्या पुस्तकात धर्मानुभव हा एका क्षणाचा कधीच नसतो. लहानपणच्या पोथ्या, व्रते, कीर्तने, वडिलांचा धाक, आईचे दुःख, शाळेतले वाद, मित्रांचे टोमणे यांतून तो थराथराने जमत जातो. एका धर्मातून दुसऱ्या धर्मात जाणारा हा माणूस भाषेच्या घरातून बाहेर पडत नाही. नवा देवही तो जुन्याच शब्दांनी आळवतो. 'पाप', 'तारण', 'कृपा', 'साक्ष' हे शब्द त्याच्याआधी चाळीस वर्षे मिशनऱ्यांनी आणि त्यांच्या पंडितांनी घासून तयार ठेवले नसते, तर त्याचा अनुभव मराठीत उभा राहिला असता का? मला शंका आहे.

पण येथे तराजू एका बाजूला फार झुकू देऊ नये. पदमनजी लिहितात ते चौतीस वर्षांनंतर. शेवट काय झाला हे लेखकाला ठाऊक आहे, आणि म्हणून प्रत्येक पायरी त्या शेवटाकडे तोंड करून बसवलेली आहे. नावच 'अरुणोदय', म्हणजे आधी रात्र होती, हे ठरूनच गेले. मॉर्मन उपदेशकांनी आत्मचरित्र लिहिले नाही, रोजनिशी लिहिली. पंथाच्या स्थापनेच्या दिवसापासून नोंदी ठेवण्याची आज्ञा आहे, आणि ती आज्ञा हे लोक तापातही पाळत. रोजनिशीत उद्याचा दिवस लेखकाला माहीत नसतो. आज सभेला चौघे आले, आत्मा जाणवला, बोलताना जीभ मोकळी झाली. उद्या सभेला कोणी नाही. परवा भाडे थकले. शंभर दिवसांनी तीच प्रार्थना. साक्षीवरचा विश्वास ढळत नाही, मात्र साक्ष ऐकायला समोर माणूस नाही. धर्मानुभवाच्या अभ्यासकाला अशी पाने फार थोडी मिळतात, कारण फसलेल्याचे वृत्त धर्मसंस्था सहसा छापत नाहीत. 'अरुणोदया'त मला माणूस आणि त्याची भाषा भेटते. या रोजनिशांत मला थांबलेला काळ भेटतो. वाङ्मयप्रकार अनुभवाचे रूप किती ठरवतो, हे शिकवायला याहून चांगली जोडी मला आढळलेली नाही.

ओघात आले म्हणून पनवेलची आणखी एक गोष्ट. मॉर्मन ग्रंथाचा पाया असा की इस्राएलाचे काही वंशज समुद्र ओलांडून अमेरिकेत गेले. आणि या उपदेशकांच्या पुण्याच्या वाटेवरच, पनवेलात, 'बेथ एल' हे सिनेगॉग १८४९ पासून उभे होते. बेने इस्राएल, आपले शनवार तेली, नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाची कथा सांगणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे. इस्राएलाच्या हरवलेल्या फांदीची एक कथा ग्रंथात घेऊन निघालेली माणसे तिच्या दुसऱ्या कथेच्या दारावरून जात होती. दुसऱ्या कथेची भाषा मराठी होती.

साक्षात्काराच्या बळावर निघालेला तरुण उपदेशक ही काही परदेशी आयात नव्हे, हे सांगण्यासाठी याच जिल्ह्यातला एक माणूस पुरेसा आहे. विष्णु भिकाजी गोखले, कुलाबा जिल्ह्यातील शिरवलीचे, जन्म १८२५. म्हणजे फिंडले, वेस्ट, मसर यांचेच समवयस्क. कस्टम खात्यातली नोकरी विशीतच सोडून ते सप्तशृंगीच्या डोंगरावर तपाला बसले. आपल्याला मिळालेले ज्ञान थेट ईश्वराकडून मिळाले, असे त्यांचे म्हणणे होते. मग ते विष्णुबावा ब्रह्मचारी झाले आणि गावोगाव वेदोक्त धर्म सांगत फिरू लागले. घर सोडणे, थेट आलेली साक्ष, खर्चाची तरतूद न करता भ्रमंती, सांगाडा तोच. फरक एवढाच की बावा बोलत ते बाजारातल्या माणसाला कळे, आणि ते जेवत ते त्याच्याच घरी.

१८५७ च्या पूर्वार्धात, उत्तरेत बंडाची ठिणगी पडण्याच्या सुमारास, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दर आठवड्याला विष्णुबावा आणि ख्रिस्ती उपदेशक यांचे जाहीर वाद झाले. वाळूत शेकडो माणसे बसत. ख्रिस्ती बाजूने मुख्य उभा राहिला तो जॉर्ज बोवेन, आणि त्या वादांचा वृत्तान्तही त्यानेच छापला. एका बाजूला सप्तशृंगीवरून उतरलेला कोकणस्थ, दुसऱ्या बाजूला पगार नाकारून बाजारात राहणारा अमेरिकन. दोघांचीही साक्ष आतली, आणि दोघांच्याही तोंडी मराठी. फिंडले बंधू तोवर निघून गेलेले होते. तेरा जणांच्या तुकडीतला हिंदुस्थानात मागे उरलेला शेवटचा माणूस, रॉबर्ट स्केल्टन, आदल्या वर्षीच कलकत्त्याहून जहाजात बसला होता.